पावसाळाभर उभी राहिलेली जुनी गाडी आणि तिचा क्लच

जुन्या मोटारीचा क्लच चालवून झिजतो हे सगळ्यांना ठाऊक असते. तो नुसता उभा राहूनही बिघडतो हे मात्र गाडी बाहेर काढायच्या दिवशीच कळते. शेडमध्ये लावली तेव्हा गियर अलगद पडत होते. चार-पाच महिन्यांनी बॅटरी जोडून इंजिन चालू केले, तर पेडल तळापर्यंत दाबूनही पहिला गियर कडकडतो, किंवा दाबलेले पेडल वर येतच नाही, किंवा गियर पडतो पण इंजिन नुसते गुरगुरते आणि गाडी ओढत नाही. ही तिन्ही दुखणी वेगळी आणि त्यांची कारणेही वेगळी. एका ठिकाणी छोटेसे रबर बदलून भागते, तर दुसऱ्या ठिकाणी अख्खा गियरबॉक्स उतरवावा लागतो. त्यामुळे दुखणे नेमके कुठे आहे हे कोणत्या क्रमाने शोधायचे, यावरच सगळे काम अवलंबून असते.

युरोप-अमेरिकेत हा प्रश्न हिवाळ्यानंतरचा मानला जातो. तिथे बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात आणि त्या मिठाने पत्रा खाल्ला जाऊ नये म्हणून हौशी लोक जुन्या गाड्या वसंतापर्यंत बंद ठेवतात. महाराष्ट्रात ऋतू उलटा. इथे जून ते सप्टेंबर गाडी झाकून ठेवायची आणि खंडेनवमी-दसऱ्याच्या पूजेच्या निमित्ताने बाहेर काढायची, ही सर्वसाधारण रीत. नगर जिल्ह्यातला पारनेर तालुका तर पर्जन्यछायेतला. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तर पारनेरात सरासरी पाचशेच्या आसपास, आणि त्यातलाही मोठा वाटा परतीच्या पावसाचा. एवढ्या कोरड्या मुलखात गंज कसला, असे वाटणे साहजिक आहे. पण क्लचला पावसाच्या धारा लागत नाहीत, दमट हवा पुरते. पठारावर दिवसा पत्र्याची शेड तापते आणि रात्री झपाट्याने निवते. फ्लायव्हील म्हणजे ओतीव लोखंडाची जाड चकती. ती रात्रभर गार पडते आणि सकाळी हवा तापू लागली तरी बराच वेळ गारच राहते. त्या गार लोखंडावर हवेतले बाष्प बसते. हे महिनोन्‌महिने रोज घडले की चांगल्या घोटीव पृष्ठभागावरही तांबूस थर चढतो.

त्यात शेडमध्ये आणखी काय ठेवले आहे याचाही हिशेब धरावा लागतो. पारनेर हा कांद्याचा भाग. साठवलेला कांदा महिनोन्‌महिने पाणी सोडत असतो, म्हणूनच चाळ सगळीकडून हवेशीर ठेवतात. तोच कांदा बंद शेडमध्ये गाडीशेजारी रचला तर तिथली हवा सतत दमट राहते. खताची पोती त्याहून वाईट. युरिया हवेतले पाणी ओढतो, आणि पोटॅश म्हणजे बहुतेक वेळा पोटॅशियम क्लोराइड, साध्या मिठाच्याच जातीचे, लोखंडाला तितकेच घातक. युरोपातला मालक रस्त्यावरच्या मिठापासून गाडी लपवतो आणि इकडे नकळत मिठाच्या पोत्याशेजारीच ती उभी राहते. बाजरीच्या कणग्या किंवा कडबा असेल तर उंदीर येतात आणि क्लचच्या घरात, म्हणजे बेल हाउसिंगमध्ये, खालच्या फटीतून शिरून घरटी करतात. पेडल दाबताना आतून काही चुरचुरल्यासारखा आवाज आला तर आधी हीच शंका घ्यावी.

या भागात उभ्या राहणाऱ्या जुन्या गाड्या कोणत्या, तर पहिली जीप. महिंद्राने १९४७ पासून विलीज जीपची जुळणी सुरू केली, आणि शेतीच्या कच्च्या वाटांना ती इतकी मानवली की घराघरांत तिची कुठली ना कुठली पिढी सापडते. नगर हे चिलखती दलाचे ठाणे, त्यामुळे लष्करी वाहनांशी या जिल्ह्याची ओळख जुनी. जिथे पहिल्या महायुद्धकाळातली रोल्स-रॉइस चिलखती गाडी ठेवलेली आहे ते रणगाडा संग्रहालयही नगरलाच आहे. जीपखालोखाल कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या फियाट ११०० आणि १९७४ पासून पद्मिनी नावाने विकलेल्या गाड्या, हिंदुस्तान मोटर्सची अॅम्बॅसडर, आणि क्वचित मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड. मुंबईत पद्मिनी टॅक्सीची सेवा ३० ऑक्टोबर २०२३ रोजी संपली. तेव्हापासून राखून ठेवलेल्या पद्मिनीकडे लोक वेगळ्याच मायेने पाहू लागले आहेत. नोकरीधंद्यासाठी मुंबईला गेलेल्या पारनेरकरांच्या गावाकडच्या गाड्या यात्रेला, लग्नसराईला, सुट्टीत चालतात. मधले महिने त्या जागच्या हलत नाहीत. शिवाय २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत भर पडून पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या वाहनांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र नोंदणी आली. अशी नोंदणी केलेले वाहन रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती अशा कामांपुरतेच ते चालवायचे. म्हणजे या गाड्यांच्या बाबतीत उभे राहणे हा अपवाद राहिलेला नाही, आणि त्यांच्या क्लचकडेही त्याच नजरेने बघायला हवे.

क्लचची रचना साधी आहे. इंजिनाच्या मागे फ्लायव्हील, त्यावर बोल्टने बसवलेली प्रेशर प्लेट आणि दोघांच्या मध्ये दोन्ही बाजूंना लायनिंग असलेली क्लचप्लेट. प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगा क्लचप्लेटला फ्लायव्हीलवर सतत दाबून धरतात. गाडी उभी असतानाही हा दाब कमी होत नसतो. क्लचप्लेट गियरबॉक्सच्या शाफ्टवर खाचांमध्ये बसलेली असते आणि त्या खाचांवर ती थोडी मागे-पुढे सरकू शकते. पेडल दाबले की फोर्क रिलीज बेअरिंगला पुढे ढकलतो, बेअरिंग प्रेशर प्लेटच्या बोटांवर दाबते आणि प्रेशर प्लेट मागे सरते. ती सरते जेमतेम एक-दीड मिलिमीटर. पायाखाली पेडल चांगले वीतभर खाली गेलेले असते, पण आत प्लेटच्या दोन्ही बाजूंना मिळून जागा होते ती एवढीच. म्हणूनच वाटेत कुठेही थोडीशी हालचाल वाया गेली, ऑइलमध्ये हवेचा एक बुडबुडा राहिला किंवा केबल जराशी ताणली गेली, तरी क्लच पूर्ण सुटत नाही आणि गियर कडकडतात.

पेडलापासून फोर्कपर्यंत हालचाल नेण्याचे मार्ग तीन. काही गाड्यांत सळ्या आणि लिव्हर, काहींत केबल, काहींत ऑइलचा दाब. विलीज पद्धतीच्या जुन्या जीपमध्ये लिव्हर आणि केबल, फोक्सवॅगन बीटलमध्ये इंजिन मागे असल्याने जवळपास गाडीभर लांब केबल, तर हेराल्डमध्ये मास्टर सिलिंडर, नळी आणि खाली गियरबॉक्सजवळ स्लेव्ह सिलिंडर. एकाच नावाच्या गाडीत वर्षांनुसार फरक झालेले असतात आणि गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत कोणी काय बदलले असेल ते सांगता येत नाही, म्हणून आधी खाली वाकून प्रत्यक्ष बघावे आणि मगच पुस्तक उघडावे.

पहिली तपासणी इंजिन बंद ठेवून करायची. चाकांना पुढेमागे दगड लावावेत आणि पेडल न दाबता सगळे गियर एकेक करून टाकून पाहावेत. गियर लगेच बसला नाही तर गाडी बोटभर पुढेमागे ढकलून पुन्हा पाहावे. इंजिन बंद असताना गियर पडतात आणि चालू असताना कडकडतात, याचा अर्थ गियरबॉक्स ठीक आहे आणि क्लच सुटत नाही. इंजिन बंद असतानाही गियर पडत नसतील तर दुखणे गियरच्या लिव्हरमध्ये किंवा गियरबॉक्समध्ये शोधावे. जुन्या फियाटमध्ये गियरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर असतो. त्याचे सांधे सुकले की गियर अडतात आणि दोष मात्र क्लचवर ढकलला जातो.

दुसरी तपासणी दोघांची. एकाने पेडल सावकाश दाबायचे आणि दुसऱ्याने खालून फोर्क किती हलतो ते बघायचे. गाडीखाली जायचे तर नुसत्या जॅकवर कधीही जाऊ नये. पक्के स्टँड किंवा लाकडी ठोकळे लावूनच जावे. पेडल पूर्ण दाबल्यावर फोर्कचे टोक किती सरकायला हवे ते गाडीच्या पुस्तकात दिलेले असते. बऱ्याच गाड्यांत ते अर्ध्या इंचाच्या आसपास असते. फोर्क पुरेसा हलतो आणि तरी क्लच सुटत नाही, तर दोष बेल हाउसिंगच्या आत. फोर्क हलतच नाही किंवा कमी हलतो, तर दोष बाहेर, आणि गियरबॉक्सला हात लावण्याचे काहीच कारण नाही. ही एक तपासणी न करता गियरबॉक्स उतरवला जातो, तो साफ करून नवी प्लेट टाकून परत चढवला जातो, आणि शेवटी दोष स्लेव्ह सिलिंडरच्या रबरात निघतो. जुन्या गाडीच्या बाबतीत हे केवळ पैशांचे नुकसान नसते. प्रत्येक उतरवणीत जुने बोल्ट तुटतात, आट्या जातात, मूळचे भाग हरवतात, आणि त्यांची भरपाई बाजारात मिळत नाही.

बाहेरचा दोष केबल किंवा सळीच्या गाडीत शोधणे सोपे. पेडलाचा खिळा गंजला असेल तर पेडल जड लागते आणि वर यायला कुरकुरते. केबल आवरणात गंजली असेल तर ती दाबताना जाते, सोडताना अडकते. खिळ्याला तेल घालून पेडल बराच वेळ हलवत राहिले की बहुधा मोकळे होते; केबलच्या तारा तुटू लागल्या असतील तर मात्र ती बदलावीच. मग फ्री प्ले, म्हणजे पेडलाचा सुरुवातीचा ढिला प्रवास. तो पुस्तकात दिल्याप्रमाणे ठेवावा. बऱ्याच जुन्या गाड्यांत तो इंचाच्या आत-बाहेर असतो. फ्री प्ले फार ठेवला तर क्लच सुटत नाही, अजिबात ठेवला नाही तर क्लच कायम अर्धवट दाबलेला राहतो आणि स्लिप होतो.

ऑइलवर चालणाऱ्या क्लचमध्ये उभे राहण्याचा परिणाम अधिक खोलवर होतो. त्यात भरलेले ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते. ते पाणी मास्टर आणि स्लेव्ह सिलिंडरच्या आतल्या भिंतींवर बारीक खड्डे पाडते. गाडी रोज चालत असते तेव्हा रबराचा कप त्याच जागेतून सतत फिरून ती घासत राहतो. गाडी उभी राहिली की कप एका जागी थांबतो आणि त्याच्या पुढची भिंत गंजते. पाच महिन्यांनी पेडल पहिल्यांदा जोरात दाबले की कपाची नाजूक कडा त्या खड्ड्यांवरून ओढली जाते आणि चिरते. म्हणूनच पुष्कळदा पहिल्या दिवशी क्लच ठीक लागतो आणि तीन-चार दिवसांनी पेडल रिकामे जाते. स्लेव्ह सिलिंडरचा रबरी बूट हलकेच मागे सारून पाहावा. आत ओल किंवा काळा चिखल दिसला तर कप गेला आहे. मास्टर सिलिंडर गळत असेल तर ऑइल पेडलाच्या दांड्यावरून पायपोसावर उतरते. तिथला रंग सोललेला दिसणे ही त्याची खूण, कारण ब्रेक ऑइल रंग खाते. सांडलेले ऑइल लगेच भरपूर पाण्याने धुवावे.

पेडल दाबल्यावर मऊ लागते आणि दोन-तीनदा भराभर दाबले की कडक होते, तर आत हवा आहे. हवा काढण्याचे काम दोन माणसांचे: स्लेव्ह सिलिंडरच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक ऑइल असलेल्या बाटलीत बुडवायचे, वरच्याने पेडल दाबून धरायचे, खालच्याने निपल सैल करून पुन्हा घट्ट करायचे आणि मगच पेडल सोडायचे. नळीतून बुडबुडे यायचे थांबेपर्यंत हेच करत राहायचे आणि वरच्या डबीतले ऑइल संपू द्यायचे नाही. जुने, तपकिरी झालेले ऑइल या निमित्ताने पूर्ण बाहेर काढावे. डबीच्या झाकणाचे बारीक भोक कुंभारमाशीच्या मातीने किंवा धुळीने बुजलेले असू शकते, तेही मोकळे करावे.

पेडल तळाशी जाऊन वर येत नसेल किंवा क्लच सुटल्यावर पुन्हा पकडायला वेळ लावत असेल, तर रबरी होज पाइपवर संशय घ्यावा. आतून फुगलेला होज दाबाने ऑइल पुढे जाऊ देतो पण परत येऊ देत नाही. बाहेरून तो अगदी नवा दिसू शकतो. आणखी एक ठाम नियम: ब्रेक ऑइलच्या डबीत इंजिन ऑइल, गियर ऑइल किंवा रॉकेल कधीही पडू देऊ नये, आणि रबरी भाग पेट्रोलने धुऊ नयेत. खेडेगावात ऐनवेळी हाताशी असेल ते तेल ओतण्याचा मोह होतो. खनिज तेलाने सगळी रबरे फुगतात आणि मग पूर्ण यंत्रणाच उघडावी लागते. सिलिंडरच्या भिंतीत खोल खड्डे असतील तर नवे किट टाकून उपयोग नाही. सिलिंडर मिळत नसेल तर लेथवर आतून स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह बसवून मूळचा सिलिंडर वाचवता येतो. दुर्मीळ गाडीसाठी हाच मार्ग चांगला.

फोर्क पुरेसा हलतो आणि तरी क्लच सुटत नाही, तेव्हा बहुधा प्लेट चिकटलेली असते. स्प्रिंगांच्या सततच्या दाबाखाली लायनिंग आणि गंजू लागलेले लोखंड एकमेकांत रुतते. लायनिंगमध्ये शिरलेली ओल गंज वाढवत राहते आणि तोच गंज डिंकाचे काम करतो. शाफ्टच्या खाचांवर गंज चढला तर प्लेट फ्लायव्हीलपासून सुटूनही मागे सरकत नाही, आणि लक्षण तेच दिसते.

सोडवण्याचे उपाय सौम्य ते कठोर या क्रमाने करावेत. आधी इंजिन न्यूट्रलमध्ये वीस-पंचवीस मिनिटे चालवून चांगले गरम करावे, मग बंद करून पेडल पूर्ण दाबावे आणि सीट व पेडल यांच्यामध्ये लाकडी दांडका अडकवून रात्रभर तसेच ठेवावे. गंजाची पकड हलकी असेल तर सकाळी क्लच सुटलेला मिळतो. न सुटल्यास ज्या गाड्यांना बेल हाउसिंगच्या खाली तपासणीचे झाकण असते, त्यांत पेडल दाबून धरून पातळ पट्टी प्लेटच्या कडेने हळूच सरकवून पाहता येते. जीपमध्ये हे जमण्यासारखे आहे. जोर लावला तर लायनिंगचा तुकडा निघतो, म्हणून हे काम संयमाचे. झाकणाच्या भोकातून गंज सोडवणारे तेल फवारण्याचा सल्ला अनेक जण देतात. तो घेऊ नये. तेल गंजापर्यंत पोचेल की नाही हे सांगता येत नाही, लायनिंगमध्ये मात्र नक्की मुरते, आणि नंतर स्लिप होणाऱ्या क्लचसाठी गियरबॉक्स उतरवावाच लागतो.

शेवटचा उपाय गाडी चालवून झटका देण्याचा. त्यासाठी समोर मोकळा, सपाट माळ हवा आणि ब्रेक आधी तपासलेले हवेत, कारण क्लच सुटत नसताना गाडी थांबवायची तर इंजिन बंद करणे हाच मार्ग उरतो. इंजिन गरम करून बंद करायचे, दुसरा गियर टाकायचा, पेडल दाबून धरायचे आणि स्टार्टर मारायचा. गाडी स्टार्टरवरच पुढे निघते आणि इंजिन पकडते. मग पेडल दाबलेलेच ठेवून अॅक्सिलरेटर झटकन दाबायचा आणि सोडायचा, मधूनच ब्रेकचा ठोका द्यायचा. वेग जुळवून वरच्या गियरात जाता आले तर अधिक चांगले: क्लचवर तेवढाच झटका बसतो, पण मागच्या हाफ शाफ्टवर येणारा ताण कमी राहतो, आणि जुन्या गाडीत शाफ्ट तुटणे म्हणजे एकाचे दोन बिघाड. ट्रॅक्टरला दोर बांधून हिसके देण्याची पद्धत गावात सर्रास आहे. इंजिनात ऑइलचा दाब नसताना ते फिरवले जाते, दोर सुटला तर माणसाला लागते, म्हणून ती टाळलेलीच बरी. मागची चाके उचलून, वरच्या गियरात इंजिन फिरवून ब्रेक मारण्याचाही प्रकार आहे. गाडी स्टँडवरून घसरली तर ती सरळ भिंतीत जाते.

क्लच सुटल्यावर लगेच सगळे ठीक झाले असे धरू नये. फ्लायव्हीलवर गंजाचे डाग असतात, त्यामुळे क्लच सोडताना गाडी हादरते. चाळीस-पन्नास किलोमीटर सावकाश चालवल्यावर हादरणे कमी होत गेले तर गंज घासला जात आहे. तसेच राहिले तर लायनिंग फाटलेले असेल, तेल लागले असेल, किंवा इंजिनाची रबरी माउंटिंग्ज कडक झालेली असतील. माउंटिंग बाहेरून दिसते, म्हणून आधी तेच पाहावे. स्लिप ओळखायला गाडी वरच्या गियरात हळू चालवत अॅक्सिलरेटर पूर्ण दाबावा: इंजिनाचा आवाज चढला आणि वेग तसाच राहिला तर क्लच घसरतो आहे. फ्री प्ले ठीक असूनही स्लिप होत असेल तर उभे राहून सुकलेल्या सीलमधून इंजिनाचे किंवा गियरबॉक्सचे तेल प्लेटवर उतरले असण्याचा संभव मोठा.

आवाजांवरूनही बरेच कळते. पेडल दाबताच खरखर सुरू झाली तर रिलीज बेअरिंग सुकले आहे. ब्रिटिश वंशाच्या अनेक गाड्यांत ते कार्बनच्या कड्याचे असते आणि त्याला तडा गेलेला असू शकतो. पेडल वर असताना घरघर येते आणि दाबले की थांबते, तर गियरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगकडे बघावे. पेडल दाबून गियर टाकला असताना बारीक किंचाळी आली तर शाफ्टच्या टोकाचा पायलट बुश कोरडा पडला आहे.

गियरबॉक्स उतरवण्याची वेळ आलीच तर एका उतरवणीत सगळे करून घ्यावे: क्लचप्लेट, रिलीज बेअरिंग, पायलट बुश, क्रँकशाफ्टचे मागचे सील. जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असते, म्हणून आतली धूळ हवेच्या नळीने उडवू नये. ओल्या फडक्याने पुसावी आणि तोंडावर मास्क ठेवावा. फ्लायव्हीलचा वरवरचा गंज पॉलिश पेपरने निघतो, खोल चरे असतील तरच लेथवर कातावे. तयार प्लेट मिळत नसेल तर जुन्या प्लेटला नवे लायनिंग रिव्हेट करून देणारे कारागीर शहरांत मिळतात. मधल्या स्प्रिंगा आणि खाचा चांगल्या असतील तर हे काम नव्या पण चुकीच्या मापाच्या प्लेटपेक्षा सरस ठरते. खाचांवर ग्रीसचे अगदी पातळ बोट फिरवावे. जास्त लावलेले ग्रीस फिरताना उडून लायनिंगवरच बसते.

पुढच्या पावसाळ्याची तयारी मे महिन्यातच करावी. दोन वर्षांतून एकदा ब्रेक ऑइल बदलावे. गाडीखाली सारवलेली किंवा नुसती मातीची जमीन असेल तर ओल खालून वर येते. फरशीवर उभी करावी, नाहीतर खाली जाड प्लास्टिक अंथरावे, वरून मात्र प्लास्टिक न टाकता सुती आच्छादन घालावे. खताची पोती, कांदा आणि धान्य दुसरीकडे हलवावे. पेडल दांडक्याने दाबून ठेवावे की नाही याबद्दल मतभेद आहेत. केबल किंवा सळीच्या गाडीत ते जरूर करावे. स्प्रिंगा एरवीही दाबलेल्याच असतात, थोड्या अधिक दाबल्याने त्यांचे काही बिघडत नाही. ऑइलच्या क्लचमध्ये रबराचे कप महिनोन्‌महिने दाबाखाली राहतात आणि जुना कप त्यात हार खातो, म्हणून तिथे दांडक्यापेक्षा दर पंधरा दिवसांनी दहा-बारा वेळा पेडल दाबणे बरे. त्याहून चांगले म्हणजे उघडीप मिळाली की गाडी पाच-सात किलोमीटर फिरवून आणणे: पारनेरसारख्या ठिकाणी पावसाळ्यातही असे कोरडे दिवस पुष्कळ मिळतात. नुसते जागेवर इंजिन चालू ठेवल्याने क्लचचा काही फायदा होत नाही, उलट सायलेन्सरमध्ये पाणी साठते. दांडका लावलेला असेल तर स्टिअरिंगला तशी चिठ्ठी बांधावी, आणि गाडी गियरमध्ये न ठेवता चाकांना दगड लावून न्यूट्रलमध्ये उभी करावी.